उड्डाणनौकेपासून प्रवासी विमानाकडे : एक असिद्ध रूप

व्याकरणाच्या नियमांनी सिद्ध होणारी, परंतु व्यवहारात कधीच न रुळलेली रूपे प्रत्येक भाषेत संभवतात. ती का रुळली नाहीत याचा शोध घेतला असता नियमांपेक्षा व्यवहारावरच अधिक प्रकाश पडतो. यंत्रविद्येतही अशी रूपे असतात. जपानच्या शिन मेइवा कंपनीने १९७७ च्या सुमारास योजिलेले, जमिनीवर व पाण्यावर उतरू शकणारे ४० आसनांचे विमान हे त्यांपैकी एक होय. बेटाबेटांमधील वाहतुकीसाठी कल्पिलेले हे विमान कागदावरच राहिले.

या कल्पनेच्या पाठीशी पीएस-१ या लष्करी उड्डाणनौकेचा अनुभव होता. शिझुओ किकुहारा यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या या नौकेने १९६७ साली पहिले उड्डाण केले. पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी खुल्या समुद्रावर पुनःपुन्हा उतरणे, हे तिचे नियोजित कार्य होते. सुमारे तीन मीटर उंचीच्या लाटांवर उतरावयाचे, तर वेग अत्यल्प हवा. कारण आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला की ही ऊर्जा एकचतुर्थांश होते. अल्प अंतरात उड्डाण करण्याची शक्ती येथे मूळ उद्दिष्ट म्हणून आलेली नाही. लाटांपासून बचाव करण्याच्या गरजेतून ती ओघानेच प्राप्त झाली.

ही शक्ती कशी साधली, तेही पाहिले पाहिजे. मंद वेगात पंखावरील हवेचा प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो आणि विमानाला तोलून धरणारे बल नाहीसे होते. यावर उपाय म्हणून पीएस-१ मध्ये चार मुख्य एंजिनांखेरीज पाचवे एंजिन बसविले होते. त्याच्या योगे दाबलेली हवा पंखांच्या मागील झडपांवर, तसेच सुकाणूवर व शेपटीच्या आडव्या नियंत्रक फळ्यांवर सोडली जाई. मंद वेगात विमानाचा तोल व त्यावरील ताबा टिके तो या फुंकरीमुळे.

आता हीच रचना प्रवासी वाहतुकीत आणली तर काय होईल? धावपट्टी आखूड चालेल, हा लाभ उघड आहे. परंतु पाचव्या एंजिनाचे वजन, इंधन व देखभाल यांचा भार प्रत्येक फेरीवर पडेल. त्यात नौकेच्या आकाराच्या पोटामुळे हवेचा वाढणारा विरोध आणि खाऱ्या पाण्याने होणारी झीज यांची भर पडेल. लष्कर हे मूल्य एका विशिष्ट कामगिरीसाठी देते. वाहतूक कंपनीला ते तिकिटातूनच वसूल करावे लागते. कॅनडात १९७५ साली उडालेल्या सुमारे ५० आसनी डॅश-७ या विमानाने मोठ्या झडपा व चार संथ पंख्यांचा झोत यांच्या बळावर, पाचव्या एंजिनाविना, आखूड धावपट्टी साधली. तरीही अशी केवळ ११३ विमाने बांधली गेली. अर्थात आखूड धावपट्टीसाठी अधिक मूल्य देणारे ग्राहक मुळातच थोडे होते, असे अनुमान यावरून निघते.

तथापि, गरजच नव्हती असे मानणे चुकीचे ठरेल. टोकियोपासून सुमारे १,००० किलोमीटर दूर असलेल्या ओगासावारा बेटांवर अद्यापही प्रवासी विमानतळ नाही. जहाजाने तेथे जाण्यास सुमारे २४ तास लागतात. पीएस-१ पासून निघालेली यूएस-१ ही १९७४ साली उडालेली आणि पुढे तिची उत्तराधिकारी यूएस-२ ही २००३ साली उडालेली बचावविमाने आहेत. या बेटांवरील अत्यवस्थ रुग्णांना मुख्य भूमीवर आणण्याचे काम अनेकदा याच विमानांनी केले आहे. म्हणजे जे रूप रोजच्या प्रवाशासाठी असिद्ध राहिले, ते रुग्णासाठी सिद्ध झाले. तंत्र दोन्हीकडे एकच आहे. भेद आहे तो खर्च कोणी व कशासाठी सोसावयाचा, एवढ्याच प्रश्नाचा. न बांधलेल्या विमानांचा अभ्यास करताना हा प्रश्न प्रथम विचारणे इष्ट होय.