धुक्याच्या दिवसांत संकठा घाटावर जाताना

नाताळची सुट्टी लागली की बऱ्याच मराठी घरांत काशीचा बेत ठरतो. मुलांना शाळा नसते, उन्हाचा त्रास नसतो आणि घरातल्या ज्येष्ठांची कधीपासूनची इच्छाही पूर्ण होते. प्रयाग, काशी आणि गया अशी त्रिस्थळी यात्रा एका फेरीत करावी, असे अनेकांना वाटते. काशी विश्वनाथाचे दर्शन घेतले की आजी किंवा सासूबाई हमखास आठवण करून देतात, ''संकठा देवीला नारळ-चुनरी वाहायची आहे, विसरू नका.''

ही देवी संकटातून सोडवणारी मानली जाते. तिचे मंदिर संकठा घाटाच्या वर, गल्ल्यांमध्ये आहे. तिथे पोहोचणे अवघड नाही. मात्र डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारी संपेपर्यंत या वाटेवर धुक्याचे राज्य असते. तिकिटे, हॉटेल आणि दर्शनाची वेळ सगळे आपण ठरवतो, पण धुके पडल्यावर काय करायचे, हे क्वचितच ठरवलेले असते.

बर्फाळ भागांकडून एक धडा

अमेरिकेतल्या माउंट रेनियर राष्ट्रीय उद्यानात लोक हिवाळ्यात स्कीइंगसाठी जातात. तिथे १ नोव्हेंबर ते १ मे या काळात प्रत्येक गाडीत चाकांना लावायच्या साखळ्या ठेवाव्याच लागतात. वर जाणाऱ्या रस्त्यावरचे लाँगमायरचे फाटक हिवाळ्यात रात्री बंद होते आणि बर्फ उपसून झाल्यावरच सकाळी उघडते. बर्फ जास्त असेल, तर ते दिवसभरही उघडत नाही. त्यामुळे तिकडे जाणारी माणसे रस्ता उघडा आहे का, हे पाहूनच घराबाहेर पडतात.

गंगेच्या मैदानात असे फाटक नसते. समोरचे दिसत नसले तरी महामार्ग उघडाच असतो आणि म्हणूनच धोका वाढतो. इथे थांबायचा निर्णय कोणी दुसरा घेत नाही, तो आपल्यालाच घ्यावा लागतो.

धुके इतके दाट का?

हिवाळ्यात या भागात रात्री आकाश निरभ्र असते आणि वारा जवळजवळ पडलेला असतो. जमीन झपाट्याने थंड होते. तिच्यालगतच्या हवेत नद्यांचा, कालव्यांचा आणि ओल्या शेतांचा दमटपणा असतो. ही हवा गार झाली की त्यातल्या बाष्पाचे बारीक थेंब होतात. वरची हवा उबदार आणि खालची थंड असल्यामुळे हा थर झाकण लावल्यासारखा जमिनीलगत अडकून राहतो. त्यात धूर आणि धूळ मिसळते. ऊन तापल्याशिवाय तो विरत नाही. कधी कधी दुपारपर्यंत सूर्य दिसतच नाही.

हवामान खात्याच्या अंदाजात 'दाट धुके' असे लिहिलेले असेल, तर दृश्यता ५० ते २०० मीटर असते. 'अतिदाट' म्हणजे ५० मीटरपेक्षाही कमी. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी हे ५० मीटर अवघ्या तीन सेकंदांत पार करते. पुढे बंद पडलेला ट्रक किंवा उसाची ट्रॉली उभी असेल, तर चालकाच्या हातात तेवढाच वेळ असतो.

'पहाटे निघू' ही सवय सोडा

आपल्याकडे लांबच्या प्रवासाला पहाटे चारला निघायची पद्धत आहे. रस्ता मोकळा मिळतो, उन्हाआधी पोहोचता येते. गंगेच्या मैदानात हिवाळ्यात हीच सवय घातक ठरू शकते, कारण धुके सर्वांत दाट असते ते पहाटे आणि सूर्योदयानंतरच्या तासा-दोन तासांत.

प्रयागराज ते वाराणसी हे अंतर सुमारे १२५ किलोमीटर आहे. गाडी भाड्याने घेतली असेल, तर सकाळी नाश्ता करून, धुके विरल्यावरच निघा. परतीचाही विचार आधीच करा. जानेवारीच्या सुरुवातीला वाराणसीत सूर्य मुंबईपेक्षा पाऊण तासाहून अधिक आधी मावळतो, म्हणजे साडेपाचच्या आधीच अंधार पडू लागतो. चालकाची झोप झाली आहे ना, गाडीचे फॉग लाइट, मागचे दिवे आणि वायपर चालू आहेत ना, हे निघण्याआधी विचारण्यात संकोच कसला?

वाटेत धुके लागलेच, तर या गोष्टी लक्षात ठेवा.

• हेडलाइट खाली झुकलेला ठेवा. वरच्या झोतात धुके पांढऱ्या भिंतीसारखे चमकते आणि दिसायचे तेही दिसत नाही.
• रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी रेघ धरून हळू चला. ओव्हरटेक करू नका.
• थांबायचे असेल, तर ढाबा किंवा पेट्रोल पंप गाठा. मुख्य रस्त्यावर किंवा त्याच्या कडेला गाडी उभी करू नका.
• गाणी बंद करा, काच थोडी खाली करा. जे दिसत नाही, ते कधी कधी ऐकू येते.

रेल्वे आणि विमान

मुंबईहून महानगरी किंवा कामायनी एक्स्प्रेसने अनेक जण येतात. धुक्यात चालकाला सिग्नल जवळ येत असल्याची सूचना देणारी जीपीएसवर चालणारी उपकरणे आता इंजिनात असतात. तरीही गाड्या हळू चालवाव्या लागतात आणि कित्येक तास उशिरा पोहोचतात. या काळात काही गाड्या रद्दही होतात. बाबतपूरचा विमानतळ शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. तिथेही सकाळची विमाने धुक्यामुळे रखडतात, म्हणून दुपारचे विमान मिळत असेल तर तेच घ्या.

श्राद्ध, पिंडदान किंवा तिथीला बांधलेला दुसरा विधी करायचा असेल, तर निदान एक पूर्ण दिवस हाताशी ठेवून वाराणसीत पोहोचा. तिथी चुकेल म्हणून चालकाला ''जरा दाब'' म्हणण्याची वेळच येऊ देऊ नका.

शहरातला शेवटचा टप्पा

संकठा घाटापर्यंत मोटार जात नाही. गोदौलिया ते मैदागिन या गर्दीच्या पट्ट्यात वाहनांवर निर्बंध असतात, म्हणून ऑटो किंवा ई-रिक्षा जिथे सोडेल तिथून चालायची तयारी ठेवा. चौकातून गल्लीत शिरा आणि कोणालाही ''संकठाजी'' एवढेच विचारा. चौकापासून पायी दहा-पंधरा मिनिटे लागतात. ज्येष्ठ बरोबर असतील, तर अर्धा तास धरा. शुक्रवारी देवीला गर्दी जास्त असते.

बर्फाळ डोंगरांत रस्ता बंद झाल्यावर रोपवेचा आधार असतो. काशीतही आता रोपवे उभारला जात आहे, पण अरुंद रस्त्यांवरचा उपाय म्हणून. कँट स्टेशन ते गोदौलिया या सुमारे पावणेचार किलोमीटरच्या मार्गाचे भूमिपूजन मार्च २०२३ मध्ये झाले. त्यावर पाच स्थानके आहेत. तुम्ही जाल तेव्हा तो प्रवाशांसाठी चालू असेल, तर स्टेशनवरून येणे सोपे होईल. गोदौलियापासून पुढे मात्र पायांचाच भरवसा.

घाटावरून की नावेतून?

हिवाळ्याचा एक मोठा फायदा आहे. पावसाळ्यात गंगा चढली की घाटांचा एकमेकांशी संपर्क तुटतो. इथली धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. थंडीत पाणी खाली असते, त्यामुळे दशाश्वमेधापासून पायऱ्यापायऱ्यांनी उत्तरेकडे चालत येता येते. वाटेत मणिकर्णिका लागते, मग गंगेच्या काठावर कललेले रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आणि शिंदे घाट. त्याला लागूनच संकठा घाट. आणखी थोडे पुढे नागपूरकरांचा भोसले घाट आहे. मुलांना नकाशातल्यापेक्षा मराठ्यांचा इतिहास इथे चालता चालता सांगता येईल. मणिकर्णिकेवर अंत्यसंस्कार चालू असतात. तिथे फोटो काढू नका आणि बांधकामामुळे वाट बंद असेल, तर गल्लीतून वळसा घ्या.

नावेचा मोह सगळ्यांनाच होतो. पण दाट धुक्यात जल पोलीस नावा थांबवतात आणि ते योग्यच आहे. नदीच्या मध्यावर दोन्ही काठ दिसेनासे होतात आणि समोरून येणारी मोटरबोट अगदी जवळ आल्यावर कळते. कोणी जास्त पैसे घेऊन ''गुपचूप नेतो'' म्हणाला, तर सरळ नाही म्हणा. दुपारी धुके विरल्यावर, लाइफ जॅकेट घालूनच नावेत बसा. तेव्हा पाण्यावर उतरलेले पाहुणे पक्षीही छान दिसतात.

ज्येष्ठ आणि मुलांसाठी

पहाटे दगडी पायऱ्या दवाने ओल्या असतात, पाण्यालगत शेवाळ असते. घसरण्याची भीती इथेच जास्त. चपलेऐवजी पकड असलेले बूट आणि बरोबर काठी हवी. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. त्यामुळे हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी पहाटेची डुबकी टाळावी. उन्हं आल्यावर पायरीवर बसून तांब्याने पाणी घेतले तरी स्नान होते. दम्याचा त्रास असेल, तर मास्क आणि नेहमीचा पंप खिशात हवाच. प्रत्येकाच्या खिशात हॉटेलचा पत्ता आणि घरच्या माणसाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, कारण गल्ल्यांत मोबाइलचा नकाशा गोंधळतो.

सकाळ कशी घालवाल?

धुके विरेपर्यंत खोलीत कुढत बसायचे कारण नाही. चौकाच्या आसपास हिवाळ्यात मलइयो मिळतो. दुधाच्या फेसाचा हा हलका, केशरी गोडवा फक्त थंडीतच चाखता येतो. गरमागरम चूडा-मटर खा, कुल्हडमधला चहा घ्या. दहा-अकरापर्यंत ऊन आले की गल्लीतून देवीकडे निघा.

तारखा तुमच्या हातात असतील, तर नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीचा उत्तरार्ध निवडा. थंडी सुखद असते आणि धुके बरेच कमी. सुट्टीमुळे डिसेंबर-जानेवारीतच जायचे असेल, तरी हरकत नाही. फक्त घरातल्या सगळ्यांनी निघण्याआधी एक गोष्ट ठरवा. समोरचे दिसत नसेल, तर आपण थांबायचे, मग हॉटेलचे एक दिवसाचे पैसे वाया गेले तरी चालतील. नारळ-चुनरी दुसऱ्या दिवशीही वाहता येते.