काचा पुसणाऱ्याला गिऱ्हाईक कसे मिळते?

पूर्वी आपल्या रत्नागिरीकडच्या घरांना लहान खिडक्या असत. लाकडी झडपा आणि मध्ये गज. झडप फडक्याने झटकली की काम झाले. आता तसे राहिलेले नाही. नवे घर बांधले की खिडकीला सरकत्या काचा येतात. रत्नागिरी शहरात मारुती मंदिराकडे जा, राम आळीत जा. कितीतरी दुकानांची दर्शनी बाजू काचेची दिसेल. गणपतीपुळ्याला पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आहेत. तिथे समुद्र दिसावा म्हणून मोठमोठ्या काचा बसवतात.

काच वाढली, तसे ती पुसण्याचे कामही वाढले. आपल्याकडची हवा खारी. समुद्रावरून वारा येतो, त्याबरोबर मिठाचे बारीक कण येतात आणि काचेवर बसतात. उन्हाळ्यात जांभ्याची तांबडी धूळ उडते. पावसाळ्यात तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चौकटीच्या खाचेत पाणी साचते, शेवाळ धरते. घरच्या माणसाला रोजच्या कामातून हे सगळे साफ करायला सवड मिळतेच असे नाही. म्हणून हे काम मोलाने करून घेणारे लोक आता आहेत.

या धंद्याला भांडवल थोडे लागते. दोन बादल्या, मऊ फडकी, साबण, रबरी पट्टीचा वायपर आणि न डगमगणारी शिडी. कामही लवकर शिकता येते. अडते ते पुढे. गिऱ्हाईक कुठून आणायचे? गाठीला पैसा नाही, तर जाहिरात कशी करायची? या पाठात आम्ही तेच सांगणार आहोत.

समजा, पावसजवळच्या एका वाडीत नवरा-बायको आहेत. नवरा म्हणतो, "मी आपला मुंबईस जातो. तिथं काहीतरी नोकरी मिळेल." बायको म्हणते, "जाल तेव्हा जाल. आधी इथं काही जमतं का ते बघू." दोघे काचा पुसायचे काम धरतात. त्यांनी काय काय करावे, ते आपण पाहू.

आधी गिऱ्हाईक ओळखा

सगळ्या गावाला ओरडून सांगण्यात अर्थ नाही. ज्याच्या घराला झडपाच आहेत, त्याला काचा पुसणारा काय कामाचा? म्हणून आधी एक दिवस नुसते फिरावे. डोळे उघडे ठेवावेत. काचेचे दुकान कुठे आहे, दवाखाना कुठे आहे, पाहुण्यांच्या खोल्या कुठे आहेत, ते वहीत लिहावे.

गिऱ्हाईक तीन प्रकारचे असते. दुकानदाराला काच वरचेवर स्वच्छ लागते. मळक्या काचेतून माल उठून दिसत नाही. त्याचे काम लहान, पण ते आठवड्याला किंवा पंधरवड्याला मिळते. पाहुण्यांच्या खोल्या चालवणाऱ्याला हंगामाच्या आधी मोठे काम असते. घरवाल्याला सणाच्या आधी काम असते. तिघांकडे एकच बोलणे चालत नाही. दुकानदाराला विचारावे, "दुकान उघडायच्या आधी येऊन पुसून गेलो तर चालेल का?" घरच्या बाईंना विचारावे, "वहिनी, गणपतीच्या आधी कोणता दिवस सोयीचा?"

वेळ साधा

पेरणी वेळेवर झाली तर पीक येते. गिऱ्हाइकाचेही तसेच आहे. आपल्याकडे वर्षाचे चार मोसम या कामाला चांगले.

पहिला मोसम गणपतीच्या आधीचा. चाकरमानी घरी येणार असतात. घर झाडून-पुसून लख्ख करतात. पण त्या वेळी पाऊस असतो. म्हणून आतली बाजू आधी पुसावी आणि बाहेरची बाजू उघडीप मिळेल तेव्हा करावी. दुसरा मोसम दिवाळीच्या आधीचा. हा सगळ्यांत चांगला. पाऊस गेलेला असतो आणि चार महिन्यांचे शेवाळ तसेच असते. तिसरा शिमग्याच्या आधीचा. चौथा मे महिन्याच्या सुट्टीच्या आधीचा. तेव्हा चाकरमानीही येतात आणि पाहुणेही येतात. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा सगळा मार्ग सुरू झाला. तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्यांची सोय पुष्कळ वाढली.

सण आठवड्यावर आला की घरात धांदल असते. तेव्हा विचारायला गेलात तर "आता नको" असे उत्तर मिळेल. म्हणून तीन-चार आठवडे आधी जावे. दिवस ठरवून यावा.

एक काच पुसून दाखवा

शितावरून भाताची परीक्षा करतात. तशी एका काचेवरून कामाची परीक्षा होते. दारात जाऊन "आम्ही फार छान काम करतो" असे दहा वेळा सांगण्यापेक्षा म्हणावे, "काकी, ही एक काच फुकट पुसून दाखवतो. पसंत पडलं तर पुढचं बोलू."

ती काच मात्र नीट पुसली पाहिजे. कोरड्या फडक्याने एकदम घासू नये. मिठाचे आणि धुळीचे कण काचेवर चरे पाडतात. आधी गोड्या पाण्याने काच धुवावी. मग साबणाचे पाणी लावावे. वायपर वरून खाली एकसारखा ओढावा. दर ओढीनंतर रबरी पट्टी पुसावी. कडा कोरड्या फडक्याने टिपाव्यात. कडक उन्हात काच पुसू नये. साबण लगेच सुकतो आणि चट्टे उठतात. सकाळची वेळ बरी.

एक काच लख्ख झाली की शेजारची काच आपोआप मळकी दिसू लागते. हातच्या कांकणाला आरसा कशाला? या जाहिरातीला खर्च किती? एक तांब्या पाणी आणि पाच मिनिटे.

चिठ्ठी लिहा

बोलणाऱ्याची मातीही खपते, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, असे जुने लोक म्हणत. पण बोललेले विसरते, लिहिलेले राहते. आपण लिहायला शिकलो आहोत. ते इथे कामी येते. वहीच्या पानाचे चार तुकडे करावेत. एकेका तुकड्यावर सुवाच्य अक्षरात लिहावे:

*खिडकीच्या काचा पुसून मिळतील.*
*घर, दुकान, दवाखाना.*
*एका खिडकीचा दर: ........ रुपये.*
*साबण, फडकी, शिडी आमची. पाणी तुमचे.*
*वेळ: सकाळी ८ ते ११.*
*नाव: ........ वाडी: ........ फोन: ........*

दर लिहिला म्हणजे घासाघीस कमी होते. "पाणी तुमचे" असे लिहिले म्हणजे पुढे वाद होत नाही. फोनचा आकडा दोनदा तपासून पाहावा. एक आकडा चुकला तर सगळी चिठ्ठी वाया जाते.

किराणा दुकानदाराला किंवा पिठाच्या गिरणीवाल्याला विचारून एक चिठ्ठी तिथे लावावी. विचारल्याशिवाय कुणाच्या भिंतीवर काही चिकटवू नये, रंगवू नये. सार्वजनिक जागा विद्रूप करू नयेत म्हणून महाराष्ट्रात १९९५ साली कायदा झालेला आहे. शिवाय जो स्वच्छतेचा धंदा करतो, त्यानेच भिंती खराब केल्या तर लोक हसतील!

ज्यांच्या हाती मोबाइल आहे, त्यांना आणखी एक सोय आहे. गूगलच्या नकाशावर आपल्या धंद्याचे नाव घालायला पैसे पडत नाहीत. घरातल्या शिकलेल्या मुलाकडून ते करून घ्यावे.

खर्चाचा हिशेब मांडा

जाहिरात स्वस्त की महाग, हे तिच्या किमतीवरून ठरत नाही. तिने गिऱ्हाईक किती आणले, त्यावरून ठरते. एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पनेतले आहेत.

समजा, पत्रके छापून वाटायला ६०० रुपये लागले. त्यातून तीन गिऱ्हाइके आली. म्हणजे एका गिऱ्हाइकामागे २०० रुपये गेले. दुसरीकडे हाताने वीस चिठ्ठ्या लिहिल्या. कागद आणि एस.टी.चे भाडे मिळून ६० रुपये झाले. त्यातूनही तीनच गिऱ्हाइके आली. म्हणजे एकामागे २० रुपये गेले. आता तुम्हीच सांगा, कोणती वाट बरी?

पण सगळ्यांत स्वस्त गिऱ्हाईक कोणते? जे पुन्हा बोलावते ते. त्याच्यामागे नवा खर्च एक पैसाही नाही. म्हणून काम झाल्यावर लगेच निघू नये. घरच्या माणसाला बरोबर घेऊन सगळ्या काचा दाखवाव्यात. एखादा चट्टा राहिला असेल तर तिथेच पुसावा. खाली सांडलेले पाणी टिपावे. मग विचारावे, "काम पसंत असेल तर शेजारी सांगाल का?" असे विचारायला लाजू नये.

गिऱ्हाईक मिळावे म्हणून दर मात्र फार पाडू नये. साबण, भाडे आणि दोघांची मजुरी सुटली पाहिजे. ती सुटली नाही, तर गिऱ्हाईक जितके वाढेल तितका तोटा वाढेल.

पैसा नसताना धंदा वाढतो का?

वाढतो. मुंबईचे एक खरे उदाहरण सांगतो. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायका पापड लाटायला बसल्या. ऐंशी रुपये उसने घेतलेले होते. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. ती त्यांनी भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली. हाच पुढे लिज्जत पापड झाला. आज त्या संस्थेत हजारो बायका काम करतात.

ऐंशी रुपयांत जाहिरात कशी होणार? पहिली ओळख आणि चांगला माल, हेच त्यांचे भांडवल. आपलीही सुरुवात ओळखीच्या एका दुकानापासून, एका घरापासून व्हायला हरकत नाही.

बंद घराची किल्ली

कोकणात एक काम असे आहे, की ते जाहिरातीने मिळत नाही. पुष्कळ घरे वर्षाचे बरेच महिने बंद असतात. मालक मुंबईला किंवा पुण्याला असतो. सणाला येण्याआधी घर साफ असावे असे त्याला वाटते. पण किल्ली द्यायची कुणाला?

ज्याच्यावर विश्वास आहे त्यालाच. असा विश्वास मिळाला, तर तो जपावा कसा? मालकाचा फोन आला की खिडक्या किती, दर किती, दिवस कोणता, हे ठरवून वहीत लिहावे. घर उघडताना शेजारच्या जाणत्या माणसाला बोलवावे. काम करण्याआधी आणि झाल्यावर काचांचे फोटो काढून मालकाला पाठवावेत. एखादी काच आधीच तडकलेली असेल, तर हात लावण्याआधी कळवावे. आपल्याकडून काही फुटले, तर तेही लपवू नये. आज भरपाई दिली तर एका दिवसाची मजुरी जाईल. लपवले तर गावातले नाव जाईल. किल्ली त्याच दिवशी परत करावी.

असे एक घर झाले, की तो मालक मुंबईत आपल्या वाडीच्या चार लोकांना सांगतो. त्यांचीही घरे बंदच असतात.

नाही म्हणायलाही शिका

एखादे गिऱ्हाईक म्हणेल, "वरच्या मजल्याच्या बाहेरच्या काचा पण करून टाका. जरा कठड्यावर उभं राहायचं." तिथे नाही म्हणावे. उंचावरच्या कामाला सुरक्षा पट्टा लागतो, शिकलेला माणूस लागतो. ते नसेल तर "आतून हात पोचेल तेवढंच करतो, दादा" असे स्पष्ट सांगावे. ओल्या जमिनीवर शिडी लावताना खाली दुसऱ्याने धरावी. गिऱ्हाईक गेले तर दुसरे मिळेल. माणूस पडला तर घर बसते.

वही ठेवा

रोज संध्याकाळी वहीत पाच गोष्टी लिहाव्यात. तारीख, कुणाचे घर, किती खिडक्या, किती रुपये आणि पाचवी म्हणजे *आपले नाव त्यांना कुणी सांगितले*. ही पाचवी गोष्ट फार महत्त्वाची. एक मोसम संपला की वही वाचावी. कदाचित असे दिसेल, की छापील पत्रकावरून कुणीच आले नाही आणि गिरणीवरची चिठ्ठी वाचून सहा जण आले. मग पुढच्या मोसमात पत्रकाचे पैसे वाचवावेत आणि गिरणीवर नवी चिठ्ठी लावावी.

तसेच, कुणाकडे कधी गेलो होतो तेही वही सांगते. "वहिनी, मागच्या दिवाळीला बारा खिडक्या केल्या होत्या. यंदा कधी येऊ?" असे विचारले, की समोरच्याला बरे वाटते. या माणसाला आपली आठवण आहे, हे त्याला कळते.

विचार करा आणि लिहा

१. तुमच्या गावात काचेच्या खिडक्या असलेली पाच ठिकाणे कोणती?
२. तुमच्या गावात चिठ्ठी कुठे लावली तर जास्त लोक वाचतील? तिथे कुणाची परवानगी घ्यावी लागेल?
३. ३०० रुपये खर्च करून पाच गिऱ्हाइके मिळाली. एका गिऱ्हाइकामागे किती खर्च झाला?
४. बंद घर साफ करायला घेतले, तर मालकाला कोणत्या गोष्टी कळवाल?
५. वर दिलेली चिठ्ठी तुमच्या स्वतःच्या धंद्यासाठी लिहून काढा.