सीट सरकते, मग नट फिरतो

जुन्या मोटरसायकली हौसेने उभ्या करणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न आला आहे. त्यांनी एका जुन्या सिंगल-सिलिंडर गाडीला शर्यतीच्या गाडीचं रूप दिलं. मागे कुबड असलेली फायबरची सीट, पावडर कोटिंग केलेली फ्रेम, नट-बोल्ट सगळे नवे. पण दोन-चार फेऱ्या झाल्या की सीटचे नट ढिले. स्प्रिंग वॉशर टाकून झाले, एकावर एक दोन टाकून झाले. मेकॅनिकचं म्हणणं असं, की सिंगलला व्हायब्रेशन असणारच, दर रविवारी पाना फिरवायचा. हे असंच चालायचं का, असं ते विचारतात.

मुळीच नाही. या प्रश्नाचं उत्तर १९६९ सालीच मिळालं आहे. हार्डवेअरच्या दुकानापर्यंत ते अजून पोचलेलं नाही, एवढंच.

आधी मेकॅनिकची बाजू, कारण तोही अगदीच चुकीचं बोलत नाही. उदाहरणाला शर्यतीच्या सिंगल गाड्यांची महाराणीच घेऊ : नॉर्टन मँक्स. बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेस या स्वतःच्या बळावर शिकलेल्या माणसाने नॉर्टनसाठी आखलेली नवी फ्रेम १९५० साली शर्यतीत उतरली. हॅरल्ड डॅनिएल या रेसरला ती चालवताना पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटलं, आणि तिचं नाव ‘फेदरबेड’ पडलं ते कायमचं. त्या वर्षी आइल ऑफ मॅनच्या टीटीत सीनियर आणि ज्युनियर अशा दोन्ही शर्यतींचे पहिले तिन्ही क्रमांक नॉर्टनने नेले.

गादीचं कौतुक खरंच, पण या गादीत इंजिन थेट धातूला धातू भिडवून आवळलेलं होतं. मध्ये रबर नाही, काही नाही. त्या ५०० सीसी इंजिनाचा स्ट्रोक १०० मिलिमीटरच्या घरात. पिस्टन आणि त्याच्यासोबत वरखाली होणारा भाग मिळून अर्धा किलो धरा, इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर धरा, आणि गणित मांडा. वरच्या टोकाला त्या अर्ध्या किलोला थांबवून परत पाठवायला साधारण एक टन बल लागतं, तेही सेकंदाला शंभर वेळा! क्रँकवर उलट वजन लावून यातला काही भाग मारता येतो, पण सिंगलमध्ये सगळा नाही. उभा झटका जितका कमी करावा तितका आडवा वाढतो. नॉर्टनच्या जेफ ड्यूक या रेसरने ती सीनियर टीटी जिंकली, सुमारे ४२५ किलोमीटर, २ तास ५१ मिनिटांत. तेवढ्या वेळात त्याच्या सीटखालच्या प्रत्येक बोल्टने दहा लाखांच्या आसपास झटके खाल्ले असणार.

एवढे झटके खाल्ल्यावर नट सैल व्हायचाच, असं आपल्याला वाटतं. इथेच घोटाळा आहे.

बोल्टचे आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतार. ८ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टवर तो जेमतेम तीन अंशांचा असतो, आणि पोलादावरून पोलाद आपोआप घसरायला सात-आठ अंशांचा उतार तरी लागतो. म्हणजे हिशेबाने नट आपणहून उतरायलाच नको. (जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या सायकल थ्रेडचे तर इंचाला २६ आटे. अडीच सुती बोल्टवर त्यांचा उतार अडीच अंशांच्याही आत येतो. ती मंडळी उगाच बारीक आटे पाडत नव्हती.) १९४५ साली गुडियर आणि स्वीनी या दोघांनी बोल्ट त्याच्या लांबीच्या दिशेने पुन्हा पुन्हा ताणून-सोडून पाहिला. नट फिरला, पण अगदी किंचित. कोडं तसंच राहिलं.

ते सोडवलं गेऱ्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने. त्याने फक्त दिशा बदलली. दोन पट्ट्या बोल्टने घट्ट आवळल्या आणि वरची पट्टी एका एक्सेंट्रिकने (मध्याच्या बाजूला आस असलेल्या फिरत्या चकतीने) आडवी, मागेपुढे सरकवायला सुरुवात केली. बोल्टमधला ताण मोजायला खाली लोड सेल. आणि नट, कोणी पान्याने हातही न लावता, आपोआप उलटा फिरू लागला! १९६९ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. पट्ट्या पुरेशा सरकत असतील तर साधा आवळलेला बोल्ट हजार झटक्यांच्या आतच सुटतो. ड्यूकच्या दहा लाखांपुढे हजार म्हणजे सुरुवातीची काही सेकंदं.

हे का होतं ते पाहायला मार्केट यार्डात जावं. ट्रकला फळी लावलेली असते आणि तिच्यावर पोतं ठेवलं तर ते जागेवर बसतं, घसरत नाही. पण हमाल त्याला पायाने नुसतं बाजूला लोटतो तेव्हा पोतं बाजूलाही जातं आणि फळीवरून खालीही येतं. खाली कोणी ढकललेलं नसतं. घर्षणाची सगळी ताकद आडव्या सरकण्याला विरोध करण्यात खर्ची पडलेली असते. उताराला अडवायला काही उरतच नाही. आट्यांवर नेमकं हेच घडतं. प्रत्येक आडव्या सरकण्याबरोबर नट आपल्या तीन अंशांच्या उतारावरून केसभर खाली येतो.

आता सीटकडे बघा. तिचे बोल्ट उभे, आणि सीटवर येणारे धक्के बहुतेक आडवे. थ्रॉटल पिळला की स्वाराची पाठ मागच्या कुबडाला रेटा देते, ब्रेक मारला की तो पुढे येतो, वळणावर एका बाजूला लटकतो. त्यात इंजिनाचा सेकंदाला शंभर वेळा येणारा थरथराट. युंकरचं यंत्र विकत घ्यायची गरज नाही, ते या गाडीच्या मागच्या भागात बसवलेलंच आहे.

मग स्प्रिंग वॉशर काय करतो? काही नाही. पाना फिरवताना तो स्प्रिंगसारखा वागतो, पण बोल्ट पुरता आवळला गेला की दाबून सपाट होतो आणि साध्या वॉशरसारखाच पडून राहतो. नासाने १९९० साली काढलेल्या बोल्टविषयीच्या मार्गदर्शक पुस्तिकेत तो लॉकिंगसाठी निरुपयोगी असल्याचं स्वच्छ लिहिलं आहे. जर्मनीने त्याचं मानकही मागे घेतलं. आपल्याकडे मात्र तो किलोवर विकला जातो. इतक्या साध्या प्रयोगाने इतकी जुनी समजूत मोडणाऱ्या युंकरचं नाव आपल्या मेकॅनिकलच्या मुलांना ठाऊक नसावं, याची मला खरोखर चीड येते.

नायलॉक नट बरा, पण त्याच्याकडून भलती अपेक्षा नको. आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे नट गळून पडत नाही. बोल्टमधला ताण टिकवणं मात्र त्याचं काम नव्हे. लॉकटाइट त्याहून चांगलं. ते काढलं अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या व्हर्नन क्रीबल यांनी, १९५३ साली. हवा मिळते तोवर हा द्रव पातळ राहतो. आट्यांत हवा संपली आणि धातूचा स्पर्श झाला की दगड होतो. बाटली अर्धीच भरलेली येते तीही याचसाठी, उरलेल्या जागेत हवा हवी म्हणून. दुकानदाराने फसवलेलं नसतं.

पण आमच्या वाचकांचा खरा शत्रू मला वाटतं त्यांच्या फ्रेमचा सुंदर रंग आहे. आवळलेला बोल्ट म्हणजे ताणलेली स्प्रिंग. ८ मिलिमीटरचा, ८.८ प्रतीचा बोल्ट नीट आवळला तर साधारण दीड टनाहून जास्त ताण घेतो. आवळलेली जाडी १५ मिलिमीटर असेल तर तो किती लांबतो? तीन शतांश मिलिमीटर. आता पावडर कोटिंगचा थर मोजा : सहा ते दहा शतांश, तोही फ्रेमच्या दोन्ही अंगांना. हा थर दबावाखाली हळूहळू चेपतो, वर फायबरही चेपतं. दोघांनी मिळून तीन शतांश जागा सोडली की बोल्टमधला ताण शून्य, आणि नट एक अंशही फिरलेला नाही! पकड गेली की सीट सरकते, सीट सरकली की नट फिरतो. मेकॅनिकला शेवटचाच अंक दिसतो.

तेव्हा उपाय क्रमानेच करायला हवा. वॉशर बसतो तेवढा रंग खरवडून पत्रा उघडा करायचा. फायबरला भोक पाडून बोल्ट थेट आवळायचा नाही. भोकात फायबरच्या जाडीइतका स्टीलचा बुश बसवायचा, म्हणजे आवळण्याचा सगळा दाब धातूतून धातूत जाईल आणि फायबर नुसतं मोठ्या वॉशरखाली धरलेलं राहील. जागा असेल तर लांब बुश आणि लांब बोल्ट. ५० मिलिमीटरचा बोल्ट तीनपटीहून जास्त ताणला जातो, म्हणून तेवढंच चेपणं पचवतो. रबर घालायचं तर तेही बुशभोवती, बोल्टच्या दाबाखाली नको. ते पुरेसं मऊही हवं, कारण रबरावरच्या सीटची स्वतःची कंपनसंख्या इंजिनाच्या कंपनसंख्येच्या सात-दशांशाहून खाली नसेल तर रबर थरथराट कमी करण्याऐवजी वाढवतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आडवा धक्का बोल्टवर येऊच द्यायचा नाही. जुन्या सीटना पुढे एक जीभ असायची, ती फ्रेमच्या आडव्या पाइपाखाली अडकायची. दोन्ही बाजूंना पाइपला टेकणारे कान केले की सीटला सरकायला जागाच उरत नाही, मग बोल्टला फक्त दाबून धरायचं काम. हे जमलं तर साधा नट आणि लॉकटाइटचा एक थेंबही पुरतो.

राहता राहिलं युंकरचं यंत्र. एक मोटर, एक एक्सेंट्रिक, दोन पट्ट्या, एक लोड सेल. कोल्हापूर-सांगलीच्या कुठल्याही वर्कशॉपात होण्यासारखं काम आहे. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनो, हे यंत्र बांधा, त्यावर गावातल्या दुकानातले स्प्रिंग वॉशर, नायलॉक आणि लॉकटाइट लावून पाहा, आणि आलेख मला पाठवा. याच पानावर छापू.