डबे कुणाचे, भाकरी कुणाची?

इंग्लंडमधलं डर्बी हे रेल्वेवर वाढलेलं शहर. 1840 च्या सुमारास तिथे रेल्वेची वर्कशॉप्स आली आणि 1870 च्या दशकात लिचर्च लेनवर डबे बांधण्याचा कारखाना उभा राहिला. त्याच्या फाटकावरची पाटी नंतर बदलत गेली. आधी मिडलंड रेल्वे, पुढे ब्रिटिश रेल्वे, खासगीकरणानंतर एबीबी, अ‍ॅडट्रान्झ, 2001 पासून कॅनडाची बॉम्बार्डिए आणि आता फ्रान्सची अल्स्टॉम. मालक सातासमुद्रापलीकडचे झाले, तरी वेल्डर, फिटर, वायरमन डर्बीचेच राहिले. बऱ्याच घरांत बापाची जागा मुलाने घेतलेली.

16 जून 2011 ला ब्रिटनच्या वाहतूक खात्याने थेम्सलिंक मार्गाच्या गाड्यांसाठी सीमेन्सची निवड जाहीर केली. लंडनच्या पोटातून उत्तर-दक्षिण धावणारा हा वर्दळीचा मार्ग. सुमारे 1,200 डबे, किंमत 1.4 अब्ज पौंड, आणि बांधणी जर्मनीतल्या क्रेफेल्डला. तीन आठवड्यांच्या आत, 5 जुलैला, बॉम्बार्डिएने डर्बीतल्या 1,429 जागा कमी करण्याचं जाहीर केलं. त्यांतल्या 446 कायम नोकऱ्या होत्या, 983 हंगामी. कारखान्यात सगळे मिळून तीन हजारांच्या आसपास माणसं होती, म्हणजे जवळपास निम्मी घरी. त्याच महिन्यात डर्बीच्या रस्त्यांवर हजारोंचा मोर्चा निघाला.

परदेशी कंपनीने स्वस्त माल देऊन देशी कंपनीला मारलं, असा सोपा अर्थ तेव्हा अनेकांनी काढला. पण बॉम्बार्डिए तरी कुठे इंग्रज होती? शिवाय नुसत्या गाड्यांच्या किमतीवर हे कंत्राट ठरलेलंच नव्हतं. निविदेची अट अशी, की गाड्या जो बांधेल त्यानेच त्यांच्यासाठी पैसाही उभा करायचा आणि पुढची कित्येक वर्षं त्या भाड्याने द्यायच्या. घर बांधायला बोलावलेल्या गवंड्यालाच बँकेचं कर्ज काढून आणायला सांगावं, तसा हा प्रकार. मग भिंत कोण सरळ बांधतो यापेक्षा बँक कुणाला कमी व्याजाने पैसे देते, याला महत्त्व आलं. बाजारात सीमेन्सची पत बॉम्बार्डिएपेक्षा बरीच वरची. एवढी रक्कम वर्षानुवर्षं फेडायची म्हटल्यावर व्याजातला अर्धा-पाऊण टक्कासुद्धा पारडं फिरवतो. बांधणी आणि वित्तपुरवठा एकाच गाठोड्यात बांधण्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेच्या वाहतूक समितीनेही बोट ठेवलं.

मंत्री म्हणाले, आमचे हात बांधलेले आहेत. ते खोटंही नव्हतं. निविदा 2008 मध्ये, आधीच्या मजूर पक्षाच्या सरकारने काढलेली. स्थानिक रोजगाराला तिच्यात गुण ठेवलेले नव्हते, आणि युरोपीय खरेदी नियमांनुसार निकष मध्येच बदलता येत नाहीत. गंमत अशी की तेच नियम फ्रान्सलाही लागू होते, तरी फ्रेंच रेल्वेच्या अतिवेगवान गाड्या फ्रान्समधल्याच कारखान्यात बनत राहिल्या. निविदा कशी लिहायची, ही कला त्यांना अवगत असावी.

याचा पडताळा दोन-अडीच वर्षांत आला. लंडनच्या क्रॉसरेल या नव्या रेल्वेमार्गासाठी गाड्या घ्यायच्या होत्या. 2013 च्या मार्चमध्ये सरकारने खासगी वित्तपुरवठ्याची अट काढून टाकली, पैसा सार्वजनिक तिजोरीतून द्यायचं ठरवलं. जुलैमध्ये सीमेन्स शर्यतीतून बाहेर पडली आणि फेब्रुवारी 2014 मध्ये 65 गाड्यांचं, सुमारे एक अब्ज पौंडांचं काम डर्बीला मिळालं. कामगार तेच, कारखाना तोच, कंपनीही तीच.

आता नकाशा थोडा आपल्याकडे सरकवू. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्याने जानेवारी 2014 मध्ये सहा-सहा डब्यांच्या 75 गाड्यांचं कंत्राट बॉम्बार्डिएच्या गटाला दिलं. देखभालीसकट रक्कम 4.4 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर. या गाड्या बनल्या बडोद्याजवळ, सावली इथल्या कारखान्यात. क्वीन्सलँडच्या मेरीबरो गावात रेल्वेचे डबे आणि इंजिनं बांधण्याची जुनी परंपरा आहे. डर्बीत जी ओरड झाली तीच तिथे झाली, फक्त या वेळी ‘परदेशात गेलेलं काम’ आपल्या अंगणात येऊन पडलं होतं. सावलीतल्या वेल्डरच्या घरी त्याची चूल पेटली. या प्रश्नावर बोलताना आपण एरवी ओरडणाऱ्यांच्या बाजूला उभे असतो. इथे दुसऱ्या बाजूला होतो, हे विसरायचं कारण नाही.

गाड्या ब्रिस्बेनला पोहोचल्या आणि वेगळंच निघालं. चाकाच्या खुर्चीवरच्या प्रवाशांसाठी गाडीच्या मधल्या भागात दोन डबे राखलेले, पण स्वच्छतागृह एकातच. त्याला वळसा घालून जाणारी वाट इतकी चिंचोळी, की शेजारच्या डब्यातल्या माणसाची खुर्ची तिथून पार होईना. अपंगांसाठीच्या कायदेशीर मानकांत ते बसत नव्हतं. राजकीय भाषणांत साहजिकच भारतीय बांधणीच्या नावाने खडे फोडले गेले. माजी न्यायाधीश मायकेल फोर्ड यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल 2018 च्या डिसेंबरमध्ये आला, तेव्हा दोष निघाला खरेदीच्या प्रक्रियेत. आराखडा सरकारी यंत्रणेच्याच नजरेखालून गेलेला, आणि ज्यांना त्या वाटेने जायचं त्यांना वेळेवर धड विचारलेलंच नाही. सावलीच्या कामगाराने कागदावर होतं ते बांधलं. दुसरं स्वच्छतागृह बसवण्याचं आणि बाकीच्या दुरुस्त्यांचं काम, कोट्यवधी डॉलर खर्चून, कुठे झालं? मेरीबरोला. पुढे 2023 मध्ये 65 नव्या गाड्यांचं कंत्राट देताना क्वीन्सलँडने त्या मेरीबरोजवळ टोरबानली इथे कारखाना उभारण्याची अटच घातली.

‘स्थानिक बांधणी’ हा शिक्काही तपासून घ्यावा. डार्लिंग्टनजवळच्या न्यूटन एक्लिफला हिताचीने 2015 मध्ये कारखाना सुरू केला तेव्हा मोठा गाजावाजा झाला. 1825 ची स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे त्याच मुलखातली. पण सुरुवातीला डब्यांचे सांगाडे जपानमधल्या कासादोहून जहाजाने यायचे. वायरिंग, आसनं, दारं, चाचण्या एवढं इंग्लंडमध्ये. हे काम हलकं नाही. एका डब्यात मैलोगणती तारा ओढाव्या लागतात आणि तिथे यंत्रापेक्षा माणसाचेच हात जास्त लागतात. तरी सांगाड्याचं वेल्डिंग, अ‍ॅल्युमिनियमचं काम आणि आराखडा जिथे होतो, तिथेच पुढच्या गाडीची अक्कल साठते.

महाराष्ट्रात तर सगळे नमुने एकाच वेळी बघायला मिळतात. नागपूर मेट्रोचे डबे चीनमधल्या दालियनचे. मुंबईच्या मेट्रो 3 चे अल्स्टॉमचे, पण आंध्रातल्या श्रीसिटीत बांधलेले. पुणे मेट्रोचे बंगालमधल्या उत्तरपाड्याचे. ते बांधणाऱ्या टिटागढने 2015 मध्ये इटलीची फिरेमा ही कंपनीच विकत घेतली. आणि लातूरची कोच फॅक्टरी. डिसेंबर 2020 मध्ये तिथून पहिला सांगाडा बाहेर पडला, पण नियमित कामासाठी मोठ्या ऑर्डरची वाट बघणं नशिबी आलं. 2023 मध्ये रशियन कंपनी आणि रेल विकास निगम यांच्या गटाला 120 वंदे भारत शयनयान गाड्यांचं कंत्राट मिळालं, बांधणी लातुरात. तिथेही आराखड्यावरून बराच काळ पत्रापत्री चालली, आणि वादाच्या मुद्द्यांत पुन्हा स्वच्छतागृहं होतीच.

ऑर्डर मिळाली म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. डर्बीत 2024 च्या सुरुवातीला हातातली कामं संपली. हायस्पीड-2 या ब्रिटनमधल्या नियोजित अतिवेगवान मार्गाच्या गाड्यांचं काम सुरू व्हायला अवकाश होता, मधला काळ रिकामा, आणि तेराशेच्या आसपास नोकऱ्या टांगणीला लागल्या. या वेळी कंत्राट कुणी परदेशात नेलेलं नव्हतं. जूनमध्ये एलिझाबेथ मार्गासाठी, म्हणजे त्याच क्रॉसरेलसाठी, आणखी 10 गाड्यांची ऑर्डर देऊन ती फट कशीबशी बुजवली गेली. कुशल वेल्डर सहा महिने वाट बघत बसत नाही, तो दुसरीकडे जातो आणि बहुधा परत येत नाही.

लातूरच्या कंत्राटात बांधणीबरोबर 35 वर्षांची देखभालही आहे. पण देखभाल डेपोत होते आणि डेपो गाड्या धावतात तिथे लागतात. जोधपूर हे त्यांतलं एक ठिकाण. थेम्सलिंकच्या वेळीही क्रेफेल्डला बांधलेल्या गाड्यांची देखभाल थ्री ब्रिजेस आणि हॉर्नसी या इंग्लंडमधल्या डेपोंत ठेवली होती, आणि सीमेन्स ब्रिटनमधल्या नोकऱ्या मोजून दाखवायची तेव्हा त्या त्यात धरायची. हिशेब चुकीचा नव्हता, पण नोकरी डर्बीच्या वेल्डरची नव्हती. लातूरचं काम शेवटची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंतचं आहे. त्यानंतर तिथे काय बांधायचं, त्याची निविदा त्या गाड्या रांगेत उभ्या असतानाच लिहायला घ्यावी लागेल.