देवघरांतील शिवराई

गेल्या दसऱ्यास आमच्या रामवाडीच्या घरीं देव उजळावयास काढले, तेव्हां कलशांतील तांब्याचें जुनें नाणें नातवाच्या हातीं लागलें. "आजोबा, ही शिवराई! हिचे लाखों रुपये येतात," असें म्हणून त्यानें मोबाईलवरील एक जाहिरात दाखविली. आधीं नोंदणीचे पैसे पाठवावे, मग घरबसल्या रक्कम घ्यावी, असा तींतील मजकूर. त्याचें कॉलेजचें शुल्क भरावयाचें होतें. मोह मलाहि झाला नाहीं असें नाहीं. परंतु अशा जाहिरातींविषयीं रिझर्व्ह बँकेनें २०२१ सालींच लोकांस सावध केलें होतें. म्हणून पैसे न पाठवितां आम्ही तें नाणें एका जाणत्या संग्राहकास दाखविलें.

शिवराईचें मूळ आमच्याच जिल्ह्यांतील रायगडावर आहे. ६ जून १६७४ रोजीं शिवछत्रपतींस राज्याभिषेक झाला, आणि त्यांच्या नांवाचा सोन्याचा होन व तांब्याची शिवराई प्रचारांत आली. एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशीं देवनागरी अक्षरें. पुढें महाराजांच्या पश्चातहि त्याच अक्षरांच्या शिवराया पडत राहिल्या, व इंग्रजी अमलांतहि त्या दीर्घकाळ बाजारांत चालल्या. म्हणून 'शिव' हें नांव दिसलें कीं नाणें शिवकालीनच, असें समजूं नये. दोन ओळींमध्यें दोन आडव्या दांड्या असलेली 'दुदांडी' शिवराई उत्तरकालीन होय. ती विपुल असल्यानें सामान्य प्रत शेदोनशे रुपयांतहि मिळते.

नाणें हातानें पाडीत. तांब्याचा तुकडा ठशावर ठेवून वरून दुसरा ठसा धरीत व हातोडा मारीत. ठसा तुकड्याहून मोठा असल्यामुळें कांहीं अक्षरें बाहेरच राहत. अर्थात् अक्षरें जितकीं पूर्ण व स्पष्ट, तितकें मोल अधिक.

आमचें नाणें दुदांडी निघालें, तेंहि झिजलेलें. "हें कोणीं घासलें?" असें त्या गृहस्थांनीं विचारलें, तेव्हां मला मान खालीं घालावी लागली. चाळीस वर्षें दर दसऱ्यास चिंच व राख लावून मींच तें लखलखीत केलें होतें! तांब्यावर चढणारा काळसर थर हा मळ नव्हे. तो नाण्याच्या वयाची साक्ष असतो, आणि तो खरवडतांना अक्षरेंहि झिजतात. न क्षरतें तें अक्षर, असें वर्गांत शिकविणाऱ्याच्या हातूनच अक्षरें क्षरलीं.

शुल्काची तजवीज निवृत्तिवेतनांतून झाली. कलशांत आतां चालू रुपया असतो. शिवराई कोरड्या कागदाच्या पुडींत ठेविली असून, ती कोठून आली व कोणाच्या हातून झिजली, हें नातवानें सोबतच्या चिठ्ठींत लिहिलें आहे. वाचकांच्याहि देवघरांत असें नाणें असेल. विकावें कीं ठेवावें, हें घरच्यांनीं ठरवावें. पण तत्पूर्वीं त्यास चिंच मात्र लावूं नये.