वाळू सरते, घटका भरते

'टाइम इज रनिंग आउट' हे इंग्रजी वाक्य आपल्या कानांवर वारंवार येते. क्रिकेटमधील 'रन आउट'ला आपण 'धावचीत' म्हणतो, आणि तेथे माणूस खरोखरच धावत असतो. त्यामुळे या वाक्यातही काळ धावत आहे, अशी पुष्कळांची समजूत होते. पण नळाचे पाणी वाहते त्यालाही इंग्रजीत 'रन' हेच क्रियापद आहे. येथे अर्थ घ्यावयाचा तो सरण्याचा, संपत येण्याचा.

याच अर्थाने इंग्रज 'द सँड्स आर रनिंग आउट' असेही म्हणतो. ही वाळू काचेच्या घटिकायंत्रातील. जुन्या गलबतांवर अर्ध्या तासाचे असे यंत्र असे. ते उलटले की घंटा व्हावयाची. आठ घंटा झाल्या म्हणजे चार तासांचा पहारा संपला. सोळाव्या-सतराव्या शतकांत इंग्लंडमधील धर्मोपदेशकांच्या व्यासपीठावरही ते ठेवीत. (आमच्या व्याख्यानमालांतही एक असावे, असे काही श्रोत्यांच्या मनात येत असेल!)

गंमत अशी की, आपले घटिकापात्र याच्या नेमके उलट. तळाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावयाची. चोवीस मिनिटांत ती भरून बुडे, की एक घटका झाली. अशा साठ घटकांची अहोरात्र. म्हणून इंग्रजाचा काळ रिकामा होतो, आपली घटका भरते. 'त्याची घटका भरली' आणि 'हिज सँड्स हॅव रन आउट' यांचा अर्थ मात्र एकच.

आता वापराविषयी. 'वुई आर रनिंग आउट ऑफ टाइम' यात कर्ता माणूस आहे. घरातली साखर संपत आली तरी रचना हीच, फक्त 'टाइम'च्या जागी 'शुगर'. जपून पाहावयाचे ते क्रियापदाच्या रूपाकडे. समजा, परगावच्या रुग्णालयातून आप्ताविषयी पत्र आले: 'टाइम इज रनिंग आउट.' 'दिवस कसे भराभर जातात!' असा अर्थ लावून कोणी पुढल्या आठवड्याचे तिकीट काढील, तर बहुधा भेट व्हावयाची नाही. वेळ थोडा उरला आहे, पण उरला आहे, आजच्या गाडीने निघा, असे ते पत्र सांगते. 'हॅज रन आउट' लिहिले असते, तर आजची गाडीही उशिराचीच ठरली असती.