दहा टक्क्यांत घर येत नाही

घर घेऊ पाहणाऱ्या तरुण जोडप्यांशी बोलताना एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘बँक नव्वद टक्के देते, आपल्याला फक्त दहा टक्के जमवायचेत.’ बिल्डरच्या ऑफिसात ते ऐकवलं जातं, नातेवाईक त्याला दुजोरा देतात आणि त्या भरवशावर लोक टोकन देऊन मोकळे होतात. पुढे आकडा जुळेना की हात जातो तो अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांवर. नुकसान तिथं होतं. म्हणून हा गैरसमज हिशेब मांडूनच खोडायला हवा.

रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे. कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या दरम्यान ८० टक्के आणि ७५ लाखांच्या वर ७५ टक्के. म्हणजे नव्वद टक्के मिळू शकतात ते साधारण ३३ लाखांपर्यंतच्या घराला. तेही ‘जास्तीत जास्त’. ही मर्यादा बँकेवर घातलेली आहे, ग्राहकाला दिलेला तो हक्क नव्हे. तुमचा पगार, आधीचे हप्ते आणि बँकेच्या व्हॅल्युअरनं ठरवलेली किंमत पाहून बँक त्याहून कमीही देते.

दुसरी गोष्ट कुणी सांगतच नाही. हे टक्के काढताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क घराच्या किमतीत धरायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेनंच सांगितलं आहे. सूट आहे ती फक्त १० लाखांपर्यंतच्या घरांना. हे पैसे पूर्णपणे आपल्या खिशातून जातात.

आता हिशेब करू. पुणे महापालिका हद्दीत बांधकाम चालू असलेला ६० लाखांचा फ्लॅट घ्या. कर्ज ८० टक्के, म्हणजे ४८ लाख. आपले १२ लाख. मुद्रांक शुल्क ७ टक्के (मूळ ५, स्थानिक संस्था कर १, मेट्रो अधिभार १): ४ लाख २० हजार. नोंदणी शुल्क ३० हजार. बांधकाम चालू असल्यामुळे ५ टक्के जीएसटी: ३ लाख. बेरीज १९ लाख ५० हजार. एखादी बँक जीएसटी किमतीत धरून थोडं जास्त कर्ज देईल, तरी १७ लाखांच्या खाली हा आकडा येत नाही. आणि मनात धरलेले असतात ६ लाख! रेडी रेकनरची (सरकारने ठरवलेली) किंमत करारातल्या किमतीपेक्षा जास्त असेल तर मुद्रांक शुल्क त्या जास्त किमतीवर लागतं. पझेशनच्या वेळी सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स वेगळाच.

काही सवलती आहेत, त्या जरूर घ्याव्यात. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क १ टक्क्यानं कमी होतं. वरच्या उदाहरणात ६० हजार वाचतात. सोबत नवऱ्याचं नाव लावलं की ही सवलत जाते. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला जीएसटी लागत नाही.

एवढी मोठी तूट दिसली की घरात ठरतं, ‘आपत्कालीन निधी आत्ता वापरू, मग हळूहळू भरू.’ कृपा करून असं करू नका. ज्या दिवशी कर्ज सुरू होतं, त्या दिवसापासून या निधीची गरज वाढते. ४८ लाखांच्या कर्जाचा ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठीचा हप्ता सुमारे ४१,६५० रुपये येतो. घरखर्च ३५ हजार धरला तर महिन्याला ७६ हजारांहून अधिक लागतात आणि सहा महिन्यांचा निधी होतो ४ लाख ६० हजार. पझेशन मिळेपर्यंत भाडंही भरायचं असेल तर तेही त्यात धरा. नोकरी गेली आणि हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला, तर कर्ज एनपीए, म्हणजे अनुत्पादक, ठरतं. त्यानंतर सरफेसी कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देऊ शकते आणि ती मुदत संपली की घराचा ताबा घेण्याची प्रक्रिया सुरू करू शकते. बाजारात दुसरी नोकरी मिळायला इतका वेळ सहज जातो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘क्रेडिट कार्ड आहे की!’ थकलेल्या रकमेवर बहुतेक कार्डं महिन्याला ३ टक्क्यांच्या आसपास व्याज लावतात. ते कर्ज आहे, निधी नव्हे.

‘एफडी मोडली की पैसे बुडतात.’ मुद्दल शाबूत राहतं, व्याज थोडं कमी मिळतं. म्हणून तर निधी एफडीत ठेवायला हरकत नाही.

‘डाऊन पेमेंटचे पैसे शेअर बाजारात लवकर वाढतील.’ जानेवारी २०२० मध्ये ४१ हजारांच्या वर असलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजारांच्या खाली बंद झाला. दोन-तीन वर्षांत लागणारे पैसे तिथं ठेवू नयेत.

‘आमची पतसंस्था ओळखीची आहे.’ ठेव विमा बँकांना असतो, त्यात सहकारी बँकाही आल्या. पतसंस्थांना तो नाही. बँकेतही विमा एका ठेवीदाराला एका बँकेत व्याजासह ५ लाखांपर्यंतच मिळतो. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त १ हजार रुपये काढता येत होते. म्हणून निधी दोन बँकांत विभागून ठेवा.

‘बुकिंगलाच वीस टक्के भरावे लागतात.’ रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही.

‘थांबलो तर भाव वाढतील.’ वाढतीलही. पण वर्षभर थांबल्यामुळे फार तर घर थोडं महाग पडेल किंवा एक खोली कमी मिळेल. निधी रिकामा करून घेतलेलं घर मात्र पहिल्याच मोठ्या आजारपणात किंवा नोकरकपातीत हातचं जाऊ शकतं. तेव्हा आधी सहा महिन्यांचा निधी वेगळ्या खात्यात पूर्ण करा, मग किमतीच्या तीस-तेहतीस टक्क्यांपर्यंत स्वतःचे पैसे लागतील असं धरून दुसरं खातं भरत जा. दोन्ही खाती भरली की खुशाल टोकन द्या.